न शिवलेलं पाणी

आजचा विषय पाण्याचे छायाचित्रकार. सुरुवात मात्र कॅमेऱ्यापासून न करता ‘तर्कसंग्रहा’पासून करतो, जन्माची सवय, जात नाही. सतराव्या शतकातला अन्नंभट्ट पाण्याचं लक्षण सांगतो ते एकाच गुणावरून: ज्याचा स्पर्श थंड, ते पाणी. बाकीचे गुण आहेतच. न्याय-वैशेषिकांच्या मते पाण्याला रंग आहे, पांढरा पण न चमकणारा, चव आहे, गोड, द्रवत्व आहे. पण पृथ्वी, तेज, वायू यांच्यापासून पाण्याला वेगळं काढायचं तर थंड स्पर्श. आणि स्पर्श कळतो त्वचेला, डोळ्याला कळत नाही.

कॅमेरा म्हणजे त्वचा नसलेला डोळा. त्यामुळे पाण्याचा फोटो काढायला निघालेला माणूस पहिल्याच पावलाला अडतो. ज्या गुणामुळे पाणी हे पाणी, तोच त्याच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर. मग त्याच्या हाती लागतं काय? पाण्यावरचा उजेड, पृष्ठभागाची घडण आणि वेळ, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं ते. एकच धबधबा हजारांश सेकंदात टिपा, काचेचे मणी दिसतील. दहा सेकंद घ्या, दुधाची साय दिसेल. नुसत्या डोळ्यांना दोन्ही कधी दिसत नाहीत. म्हणून एखाद्या फोटोबद्दल कुणी ‘पाणी जसंच्या तसं पकडलंय’ म्हणालं की मी जरा सावध होतो.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराची १८५६-५७च्या सुमाराची समुद्रचित्रं घ्या. ‘ग्रेट वेव्ह’ म्हणून ओळखलं जाणारं, सेत या गावच्या किनाऱ्यावरचं चित्र तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. त्या काळच्या कलोडियनच्या काचा निळ्या उजेडाला फार हळव्या. समुद्र नीट यावा इतका वेळ दिला की आकाश पांढरंफटक पडायचं. ल ग्रेने तोडगा काढला: समुद्राची एक काच, आकाशाची दुसरी, आणि छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडायच्या. एकच आकाश त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं आहे. लोक थक्क झाले ते ‘निसर्गा’च्या ज्या क्षणाने, तो क्षण कधी घडलाच नव्हता. याला मी लबाडी म्हणणार नाही. काचेला जमत नव्हतं ते त्याने हाताने केलं. पण क्षितिज ही शिवण आहे, एवढं मात्र लक्षात असू द्या. पुढच्या माणसाकडे जाताना ते उपयोगी पडेल.

पुढचा माणूस म्हणजे हिरोशी सुगिमोतो. १९८०मध्ये जमैकाला कॅरिबियन समुद्रापासून त्याने जी मालिका सुरू केली, ती जगभरच्या समुद्रांवर वर्षानुवर्षं चालू राहिली. मोठा कॅमेरा, कृष्णधवल फिल्म, क्षितिज बरोबर मधोमध. वर हवा, खाली पाणी. होडी नाही, पक्षी नाही, किनारा नाही. त्याने स्वतःला घातलेला प्रश्न साधारण असा होता: आदिमानवाला जे दिसलं, ते आजच्या माणसाला तसंच्या तसं बघता येईल का? डोंगर बदलले, जंगलं गेली. समुद्र मात्र तोच राहिला असावा, हा त्यामागचा तर्क.

या चित्रांपुढे उभं राहिलं की माणूस गप्प होतो, हे मान्य करायलाच हवं. पाचदहा मिनिटांनी करडा रंग हलायला लागतो, आधी कोरी वाटलेली जागा भरत जाते. इतका संयम आजच्या कलेत दुर्मीळ आहे. पण मालिकेतलं १९९३चं एक चित्र पाहा, ‘बोडन सी, युटविल’. २००९ साली यू-टू या बँडच्या अल्बमवर ते छापलं गेलं आणि जगभर पोचलं. हा ‘सी’ म्हणजे बोडनझे. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यामधला गोड्या पाण्याचा तलाव! शेजारी खारा समुद्र टांगा, फरक सांगता येणार नाही. अन्नंभट्ट गालात हसला असता. चव हाही पाण्याचा गुण, आणि तोही कॅमेऱ्याच्या हातून निसटला. खारं की गोडं, हे आपल्याला फोटो सांगत नाही. फोटोखालची ओळ सांगते. तीही भूगोल ठाऊक असेल तरच.

माझा आक्षेप चित्रांवर कमी आणि त्यांच्या स्तुतीवर जास्त आहे. ती साधारण अशी होते: हे निर्मळ पाणी, माणसाचा हात न लागलेलं, कालातीत. इंग्रजीत ऐकायला हे छान वाटतं. पण मराठीत करून बघा. ‘कुणी न शिवलेलं पाणी.’ ऐकलंत? लगेच शब्द वेगळ्याच घरात जाऊन बसतो. आपल्याकडे न शिवलेल्या पाण्याला सोवळ्यातलं पाणी म्हणतात. ते न शिवलेलं राहावं म्हणून कुणालातरी विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं, वरून कुणी ओंजळीत ओतेल याची वाट बघत.

चवदार तळं महाड नगरपालिकेने १९२४मध्येच सगळ्यांना खुलं केलं होतं, कागदावर. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले, ओंजळीने पाणी प्यायले, आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसं प्यायली. तळं बाटलं म्हणून नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ झाली. मग कोर्टकचेरी, आणि हायकोर्टाचा निकाल थेट १९३७मध्ये. आता कल्पना करा, त्या आठवड्यात रोज सकाळी एकाच जागेवरून कुणी तळ्याचा फोटो काढलाय. सुगिमोतोसारखाच, फक्त पाणी, माणूस नाही. स्पर्शाच्या आदल्या दिवशीचा, दुसऱ्या दिवशीचा, घागरी ओतल्यानंतरचा. तिन्ही फोटो सारखे! ज्याच्यासाठी डोकी फुटली त्यातलं काहीही त्यांत नसेल.

जपानी कलावंताला मी महाडचा जाब विचारतोय, असं समजू नका. त्याचा प्रश्न त्याच्या जागी खरा आहे. पण मनुष्यरहित पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे समीकरण आपण इथे बसून टाळ्या वाजवत स्वीकारायचं का? मला ते जड जातं.

मग या डोळ्याला त्वचा कशी फुटणार? रॉनी हॉर्न या अमेरिकन कलावतीने दोन वाटा काढल्या. पहिली, १९९९ची थेम्स नदीवरची पंधरा मोठी चित्रं. चौकटभर नुसता पाण्याचा पृष्ठभाग, काठ नाही, क्षितिजसुद्धा नाही. म्हणजे ल ग्रेची शिवणच काढून टाकली. जवळ गेलं की पाण्यावर बारीक आकडे विखुरलेले दिसतात, आणि चौकटीखाली त्या आकड्यांच्या तळटीपा. पाण्याला तळटीपा! मी आयुष्यभर तळटीपा लिहिल्या, पण इतक्या समर्पक जागी एकही लिहिली नाही. त्यांत नदीच्या काळोख्या रंगाबद्दल आहे, तिच्यात जीव द्यायला येणाऱ्या माणसांबद्दल आहे. वाचून डोळा पुन्हा वर जातो, तेव्हा तो पृष्ठभाग नुसता सुंदर राहिलेला नसतो. फोटोला जे येत नाही ते शब्दांकडून उघडपणे उसनं घेतलंय.

दुसरी वाट मला अधिक आवडते. ‘यू आर द वेदर’, १९९४-९६. आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कुंडांत उतरलेल्या एका तरुणीच्या चेहऱ्याची शंभर छायाचित्रं. पाणी जवळजवळ दिसतच नाही. दिसतात किंचित आवळलेल्या भुवया, ओले केस, उजेडाने बारीक झालेले डोळे. पाणी किती ऊन, वारा किती बोचरा, हे सगळं चेहऱ्यावर वाचता येतं. (गरम पाण्यातली उष्णता तेजाची, पाण्याची नव्हे, असं नैयायिक इथे बजावेल. त्याला बजावू द्या.) स्पर्शाचा फोटो निघत नाही, पण स्पर्श झालेल्या माणसाचा निघतो. रघुबीर सिंह यांनी हे आधीच केलं होतं. १९६७मध्ये बिहारातल्या मुंगेरला पावसात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बायका, अंगाला चिकटलेली लुगडी. त्या चित्रात पाऊस दिसतो तो कापडात. एडवर्ड बर्टिन्स्कीचं २०१३चं ‘वॉटर’ यापुढे मला फार उंचावरून पाहिलेलं वाटतं. त्यातली माहिती महत्त्वाची आहे, नकाशासारखी. पण ओलं काहीच होत नाही.

शेवटी यमुना. विश्वनाथाच्या ‘मुक्तावली’त एक गमतीदार शंका येते: पाणी पांढरं म्हणता, मग कालिंदीचं पाणी काळंनिळं का दिसतं? उत्तर असं की तो रंग आधाराचा, पाण्याचा नाही. तेच पाणी वर उडवा, पांढरंच दिसेल. आज दिल्लीत हा प्रयोग कुणी ओंजळीने करावा, असं मी सुचवणार नाही. वझिराबाद ते ओखला हा पट्टा सुमारे २२ किलोमीटरचा, नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी, पण नदीतल्या घाणीचा सर्वांत मोठा वाटा इथलाच.

दिल्लीचे अतुल भल्ला या नदीत स्वतः उतरले. २००५ची चौदा छायाचित्रांची मालिका आहे, ‘आय वॉज नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग’. निरोपाचा हात हलवत नव्हतो, बुडत होतो. शरीर क्रमाक्रमाने पाण्याखाली जातं, बाकी काही घडत नाही. यात्रेकरूही असंच उतरतो, आणि आपण त्याला स्नान म्हणतो. बुडणाराही असाच उतरतो. हे दोन्ही अर्थ चित्रं शेवटपर्यंत सोडत नाहीत, आणि ते पाणी पवित्र की विषारी, हा निवाडा आपण करायच्या आत आपलं अंग तो करून मोकळं होतं. पाण्याची रेषा त्या शरीरावर चढते तसे आपण नकळत ओठ मिटून घेतो.

दिवे कमी करा जरा. चौदाही चित्रं सावकाश दाखवा, मध्ये थांबू नका. प्रश्न त्यानंतर घेऊ.