लाल-निळ्या आकृतीची मर्यादा

रक्ताभिसरणाचा धडा आला की फळ्यावर दोन खडू लागतात : एक लाल, एक निळा. लाल ती रोहिणी, निळी ती नीला. रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध. विद्यार्थी हे बिनचूक लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. तरीही ही आकृती आणि तिच्यासोबतची व्याख्या एकदा तपासून पाहायला हवी. तपासणीचे साहित्य महाग नाही. ते गावोगावच्या गोठ्यांत बांधलेले आहे.

आधी आकृतीची बाजू. रंगांमुळे रक्ताचे दोन मार्ग चटकन वेगळे दिसतात, ही सोय मान्य केली पाहिजे. पण सोयीसाठी घेतलेला रंग हीच व्याख्या होऊन बसली की अडचण सुरू होते. मराठीत तर रंग नावांतच शिरला आहे. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. प्रत्यक्षात पशुवैद्य गाईच्या मानेतील नीलेतून रक्त काढतो तेव्हा नळीत येते ते काळसर लाल. निळे रक्त गाईत नाही, शेळीत नाही, कुत्र्यातही नाही. शिवाय हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी हेच काळसर रक्त नेते आणि फुप्फुसाकडून परतणाऱ्या नीलांत लालभडक रक्त असते. पुस्तक याला 'अपवाद' म्हणते. हृदयाच्या दारातच अपवाद सांगावा लागत असेल तर व्याख्येचा पायाच चुकला आहे.

'अशुद्ध' हा शब्द त्याहून घातक. गाईच्या पोटातून आणि आतड्यांतून यकृताकडे जाणारी मोठी नीला पचलेल्या चाऱ्याचा बराचसा पोषक अंश घेऊन जाते. ते रक्त अशुद्ध कसे? दुभत्या गाईच्या पोटाखाली दिसणारी नागमोडी 'दुधाची शीर' शेतकरी कौतुकाने दाखवतो. तिच्यात दूध नसते. कासेला दुधाचा कच्चा माल पुरवून हृदयाकडे परत निघालेले रक्त असते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे ५०० लिटर रक्त खेळते. त्याला अशुद्ध म्हटले की मुलांना ते घाण वाटते. 'ऑक्सिजन कमी असलेले रक्त' हे शब्द लांब आहेत, पण खरे आहेत.

मग व्याख्या कशावर करावी? रक्ताच्या दिशेवर. हृदयाकडून नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. यात अपवाद नाही. विल्यम हार्वी याने १६२८ साली रक्ताभिसरण मांडले तेही दिशेच्याच आधारे. मेंढीच्या अंगात एकूण रक्त किती आणि हृदय अर्ध्या तासात किती रक्त बाहेर टाकते, याचा हिशेब करून त्याने दाखवले की रक्त फिरून परत आलेच पाहिजे. आपली आकृती मात्र रंग पुढे करते आणि दिशा एका बारीक बाणावर सोपवते.

ही दिशा गोठ्यात दिसते. गाईच्या मानेवर खालच्या अंगाला लांब पन्हळ असते. पशुवैद्य तिथे अंगठा दाबतो, तेव्हा नीला अंगठ्याच्या डोक्याकडील बाजूला फुगते, छातीकडील बाजूला नाही. रक्त डोक्याकडून हृदयाकडे येत असल्याचा याहून सोपा पुरावा नाही. गाईची नाडी मात्र शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूने बघतात. शेळीची आणि कुत्र्याची मागच्या मांडीच्या आतून. नाडी लागते ती रोहिणीची. हे पशुवैद्याने किंवा मालकाने जनावर धरून दाखवावे, मुलांनी परस्पर करू नये.

आकृतीत दोन्ही नळ्या सारख्याच जाड असतात, हा तिसरा दोष. मटणाच्या दुकानातून बोकडाचे हृदय वरच्या नळ्यांसकट मागून आणा. महारोहिणीची भिंत जाड. ती रिकामी असूनही तोंड उघडे ठेवते. शेजारची महानीला पातळ; ती चपटी पडते. दाब कोण सोसते हे मुले बोटांनीच ओळखतात.

तेव्हा रंगीत खडू टाकून देण्याचे कारण नाही. फक्त बाण आधी काढावेत, भिंतींची जाडी दाखवावी, रंग शेवटी भरावा आणि 'हा रंग खुणेपुरता' असे शेजारी लिहावे. परीक्षेत मात्र रंग विचारू नये. अंगठा दाबल्यावर नीला कोणत्या बाजूला फुगेल आणि का, हे विचारावे.