डासाच्या जागी परिचारिका : एका गणिती प्रारूपाचे परीक्षण

हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवले. पुढे त्यांनी या प्रसाराचे गणितही मांडले. १९९९ मध्ये ऑस्टिन, बॉन्टन व सहकाऱ्यांनी तेच गणित रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला लावले. माणसाच्या जागी रुग्ण आणि डासाच्या जागी परिचारिका व डॉक्टर! व्हँकोमायसिनला दाद न देणारे एन्टेरोकॉकस जीवाणू न धुतलेल्या हातांवरून एका खाटेकडून दुसरीकडे जातात, ही त्यामागची कल्पना. कल्पना सुंदर आहे. पण निष्कर्ष तपासून घ्यावे लागतात.

एका बाधित रुग्णापासून सरासरी किती नवे रुग्ण बाधित होतात, त्या संख्येला आपण प्रसारांक म्हणू. कोणतीही खबरदारी नसताना तो ३.८१ येतो, असे या संशोधकांचे गणित सांगते. समजा, निम्म्या वेळा हात धुतले गेले. मग प्रसारांक सुमारे १.९ होईल, म्हणजे अजून एकाहून जास्तच. केवळ हात धुऊन तो एकाखाली आणायचा तर चारपैकी जवळजवळ तीन वेळा हात धुवावे लागतील. म्हणून ठरावीक परिचारिकेकडे ठरावीकच रुग्ण देण्याचा उपायही जोडीला घेतला गेला. दोन्ही मिळून प्रसारांक ०.६९ झाला.

प्रसारांक एकाखाली गेला की साथ संपते, असे आपण वर्गात शिकवतो. येथे मात्र ३६ टक्के रुग्णांत जीवाणू आढळतच होते. कारण वॉर्डाचे दार उघडे असते. बाहेरून जीवाणू घेऊन आलेले रुग्ण दाखल होत राहतात. अशा प्रत्येक रुग्णामागे ०.६९ + ०.६९ चा वर्ग + ... अशी भूमिती श्रेणी, म्हणजे सुमारे २.२ नवे बाधित. हा धडा या लेखाची खरी देणगी आहे, असे आम्हाला वाटते.

आमचा आक्षेप दुसरीकडे आहे. उपायांमुळे प्रमाण ७९ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आले, असे लेखक म्हणतात. यातील ३६ मोजलेले आहेत. ७९ मात्र प्रारूपाने वर्तवलेले आहेत. उपाय नसलेला वॉर्ड शेजारी ठेवून कोणी पाहिलेला नाही. म्हणजे उपायांचे यश मोजण्याची पट्टी प्रारूपानेच पुरवली. ती चुकीची आहे असे नव्हे, पण दोन्ही आकडे एकाच तोलाचे नाहीत.

दुसरे असे की, येथे सर्व कर्मचारी सारखे धरले आहेत. प्रत्यक्षात एक परिचारिका दोन-तीन खाटा सांभाळते, तर एखादा तंत्रज्ञ साऱ्या वॉर्डात फिरतो. त्याने हात न धुणे अधिक महागात पडते, हे २००९ मध्ये तेमीम व सहकाऱ्यांच्या प्रारूपाने दाखवले. सरासरीच्या आकड्यात तो माणूस दिसत नाही.

आणि आपल्याकडील सामान्य वॉर्डाचे काय? तेथे नातेवाईक रुग्णाला पाणी पाजतात, कूस बदलून देतात, गरज पडली तर शेजारच्या खाटेलाही हात देतात. त्यांच्यासाठी या समीकरणांत जागाच नाही. ती करायची तर आधी वॉर्डात बसून कोण कोणाला किती वेळा स्पर्श करतो, हे वहीत मांडावे लागेल. समीकरण त्यानंतर.

विद्यार्थ्यांपुढे असा आलेख ठेवताना शिक्षकांनी एवढेच विचारावे : यातला कोणता आकडा मोजलेला, आणि कोणता गणिताने काढलेला?