दारू घातली नाही, झाली आहे

आमचे आबाजी माळकरी. वैद्यांनी दिलेली अरिष्टाची बाटली हातात धरून त्यांनी विचारलं, "काबे, याच्यात दारू त नाही ना?" लेबलवर बारीक इंग्रजी अक्षरांत अल्कोहोलचं प्रमाण छापलं होतं. ते वाचूनही मी म्हणालो, "नाही आबाजी, औषध आहे."

हे उत्तर मला टोचत राहिलं ते एका जुन्या ग्रंथामुळे. पातूरच्या टेकडीतली कोरीव लेणी लहानपणापासून पाहिलेली. अशा ठिकाणी राहणारे भिक्खू आजारी पडले तर काय घेत असतील, या कुतूहलापोटी मी विनयपिटकातल्या महावग्गाचा औषधांवरचा भाग वाचला.

त्यात पिलिन्दवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचा त्रास होतो. वैद्य सिद्ध तेल सांगतात, त्यात मद्य घालावं लागतं. बुद्ध परवानगी देतात. मग सहा जणांचं एक टोळकं भरपूर मद्य घालतं, पितं आणि झिंगतं. नियम दुरुस्त होतो: मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही असंच तेल प्यावं. जास्त मद्य पडलेलं तेलही फेकायचं नाही, अंगाला चोळायचं.

कथा म्हणून यात एक उणीव आहे. गोंधळ घालायला दर वेळी तेच सहा जण येतात, त्यांना माणूसपण असं मिळतच नाही. पण मला आवडतो तो तिचा प्रामाणिकपणा. औषधात मद्य आहे हे ती लपवत नाही आणि त्याचा गैरवापर होतो हेही लपवत नाही.

याउलट फ्रान्सच्या ग्रांद शार्त्रझ मठाच्या मद्याची गोष्ट. 1605मध्ये या पंथाच्या साधूंना एक हस्तलिखित मिळालं. अठराव्या शतकात त्यावरून 69 टक्के अल्कोहोलचं औषधी अर्क तयार झालं, पुढे 55 टक्क्यांचं हिरवं मद्य. वनस्पती 130, कृती मोजक्या साधूंनाच ठाऊक. ही गोष्ट आपण रील्समध्ये चवीने ऐकतो, पण तिच्यात नायक असतं ते कुलूप. औषध पेय कधी झालं, हा खरा प्रश्न कुलपाच्या कौतुकात हरवतो.

आपल्याकडे कुलूप नाही. शार्ङ्गधरसंहिता उघड सांगते: कच्च्या वनस्पती आणि पाण्याचं ते आसव, काढ्याचं ते अरिष्ट. प्रमाण दिलेलं नसेल तर एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध, दहावा भाग चूर्ण. तूप चोळलेल्या मडक्यात हे भरायचं, बहुतेक वेळा धायटीची फुलं टाकायची, तोंड बंद करून ठेवून द्यायचं. फुलांसोबत आलेलं यीस्ट गोडाचं मद्य करतं, साधारण 5 ते 10 टक्के. आंबणं संपलं का, हे मडक्याला कान लावून किंवा तोंडाशी जळती काडी धरून पाहतात. आतून वायू येत असेल तर काडी विझते. हा कान आणि हा हात श्लोकात मावत नाही. तो शिकवणाऱ्याजवळ बसूनच येतो. त्यामुळे कृती उघडी असूनही कारागिरी हरवू शकते.

आणि इथेच माझी पळवाट होती. अरिष्टात दारू घातलेली नसते, झालेली असते. पण आबाजींनी "घातली का" असं विचारलंच नव्हतं. विनयाच्या कसोटीवर तर ही बाटली नापासच, कारण झाकण उघडलं की वास येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. मडकं, गूळ, धायटी, लेबलवरचा आकडा. आबाजींनी झाकण उघडून वास घेतला. मग म्हणाले, "वैद्यायले विचार, याच्या जागी चूर्ण चालन काय."

वैद्य म्हणाले, चालेल. एवढं सोपं होतं ते. औषध घ्यायचं की नाही हे माळ घातलेल्या माणसाने ठरवायचं असतं. मी फक्त लेबल नीट वाचून दाखवायचं होतं.