जर्मन बोलींचे वर्गीकरण : एका रेषेचे अधिकार

जर्मन बोलींची निम्न, मध्य व ऊर्ध्व ही त्रिविध विभागणी बहुतेक पाठ्यपुस्तकांत एखाद्या नैसर्गिक सत्याप्रमाणे मांडलेली असते. यातील ‘निम्न’ व ‘ऊर्ध्व’ ही विशेषणे प्रतिष्ठेची नसून भूरचनेची आहेत. उत्तरेचे सखल मैदान आणि दक्षिणेचा उंच प्रदेश एवढाच त्यांचा आशय. (मराठीत ‘निम्न’ला हीनत्वाची छटा नकळत चिकटते, हे अनुवादकाने ध्यानी घ्यावे.) विभागणीचा पाया द्वितीय वर्णपरिवर्तनात आहे. प, ट, क या स्पर्शवर्णांत दक्षिणेत जो पालट झाला, तो उत्तरेत झाला नाही. परिणामी उत्तरेकडील ‘माकेन’, ‘वाटर’, ‘आप्पल’ यांच्या जागी प्रमाण जर्मनमध्ये ‘माखेन’, ‘वासर’, ‘आप्फल’ ही रूपे दिसतात.

ड्युसेलडॉर्फनजीक बेनराथ येथे ऱ्हाइन ओलांडणारी ‘माकेन–माखेन’ रेषा ही निम्न जर्मनची दक्षिण सीमा मानली जाते. आक्षेप घ्यावयाचा तो येथेच. ‘मी’ या अर्थाच्या ‘इक–इश’ रूपांना विभागणारी रेषा आणखी उत्तरेस, उर्डिंगन येथे नदी ओलांडते. या दोन रेषांमधील बोलींत ‘इश’ आले, ‘माखेन’ आले नाही. बर्लिनमध्ये नेमके उलट : तेथे ‘माखेन’ आहे, पण ‘इक’ही टिकून आहे. कोलोनची बोली ‘माखे’मुळे मध्य जर्मन ठरते, परंतु ‘डाट’ (प्रमाण ‘डास’) आणि ‘डोर्प’ (प्रमाण ‘डोर्फ’) ही तिची रूपे उत्तरेशी नाते सांगतात. परिवर्तन एकच, पण प्रत्येक शब्दाने आपली सीमा स्वतंत्रपणे आखली. मग त्यांतील एकाच क्रियापदाला न्यायाधीशाचे स्थान का द्यावे, याचे समाधानकारक उत्तर पारंपरिक वर्गीकरणाजवळ नाही.

गेओर्ग वेंकर याने १८७६ मध्ये ऱ्हाइन प्रदेशातील शाळाशिक्षकांकडे वाक्ये धाडून ती स्थानिक बोलीत लिहून मागविली. पुढे चाळीस वाक्यांची ही प्रश्नावली चाळीस हजारांहून अधिक गावांत पोहोचली. व्याप्ती थक्क करणारी खरी. मात्र उत्तरे ध्वनिशास्त्राचे शिक्षण नसलेल्या शिक्षकांनी नेहमीच्या लिपीत लिहिली होती, ही उणीव नकाशाच्या सुबकपणात झाकली जाते. थिओडोर फ्रिंग्स याने ऱ्हाइनकाठच्या पंख्यासारख्या फाकलेल्या रेषांचा संबंध मध्ययुगीन राज्यक्षेत्रांशी जोडला. पेटर वीझिंगर याने १९८३ मध्ये एका ध्वनीऐवजी ध्वनिव्यवस्थेस महत्त्व दिले आणि सीमांच्या जागी विस्तृत संक्रमणक्षेत्रे दाखविली. हे वर्गीकरण लक्षात ठेवण्यास कठीण आहे, पण वस्तुस्थितीशी अधिक प्रामाणिक आहे.

हा वाद केवळ नकाशापुरता नाही. प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांची युरोपीय सनद राज्याच्या अधिकृत भाषेच्या बोलींना आपल्या कक्षेबाहेर ठेवते. जर्मनीत ही सनद १९९९ मध्ये लागू झाली, तेव्हा निम्न जर्मनला प्रादेशिक भाषेचा दर्जा लाभला. कोलोनची बोली मात्र जर्मनचीच बोली म्हणून वगळली गेली. मोझेल-फ्रँकिश गटातील लक्झेंबर्गी बोलीस तर १९८४ च्या कायद्याने राष्ट्रभाषेचे स्थान दिले, तेव्हा सीमेपलीकडे जर्मनीत तिच्याच भगिनी बोली ‘मध्य जर्मन’ या शीर्षकाखाली राहिल्या.