फलकावर सुकाळ, पानावर चणचण

देवनागरी फॉन्टांचा आजच्याइतका सुकाळ मराठीने कधी पाहिला नव्हता. एके काळी डीटीपीवाल्याच्या संगणकात श्रीलिपीचे किंवा सी-डॅकचे ठरावीक चेहरे असत आणि लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळ्यांना त्यांतच भागवावे लागे. विंडोज २०००बरोबर र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ आला. युनिकोडमधली देवनागरी त्याने घरोघरी नेली, पण निवडीला वाव तेव्हाही नव्हता. २०१४च्या आसपास चित्र पालटले. भारतीय लिप्यांसाठी खुल्या परवान्याचे फॉन्ट करून घेण्यात गूगलने पैसा घातला. मुंबईची ‘एक टाइप’, अहमदाबादची ‘इंडियन टाइप फाउंड्री’ आणि देशविदेशातले अनेक अक्षररचनाकार कामाला लागले. आज कुणीही फुकट उतरवून घ्यावेत असे देवनागरी फॉन्ट डझनांनी आहेत. त्यामुळे आता संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की हे सगळे कुणाच्या गरजेतून जन्मले?

टाइपाचा स्वभाव त्याच्या यजमानावरून ठरतो. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी निर्णयसागरचा टाइप घडवून घेतला, तो स्वतःच्या छापखान्यात ग्रंथ छापायचे होते म्हणून. राणोजी आरूंनी कोरलेली ती अक्षरे पानेच्या पाने वाचली जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते. आजचा यजमान तंत्रज्ञान कंपनी आहे. तिला फोनचा पडदा, ॲपचे बटण आणि जाहिरातीचा मथळा सजवायचा आहे. नव्या फॉन्टांचे यश आणि त्यांच्या उणिवा या एकाच गोष्टीतून उलगडतात.

‘पॉपिन्स’ घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीच्या या फॉन्टमधली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. कल्पना सरळ आहे: वर्तुळ आणि सरळ रेघ यांवर दोन्ही लिप्या उभ्या करायच्या, जाडी जवळजवळ सगळीकडे सारखी ठेवायची. बोरूने लिहिताना रेघ जाड-बारीक होते आणि त्यातून अक्षराला चाल मिळते. ती इथे जाणूनबुजून सोडली आहे. बटणावरच्या दोन शब्दांना हा नेटकेपणा शोभतो. परिच्छेदात मात्र शिरोरेखा, काना आणि अक्षराचे पोट एकाच जोराने बोलू लागतात. ‘घ’ आणि ‘ध’ ओळखण्यासाठी वाचकाच्या हाती एक छोटी गाठ आणि तुटलेली शिरोरेखा एवढेच उरते. दोष पॉपिन्सचा नाही. मथळ्याचा फॉन्ट मजकुराला लावणाऱ्यांचा आहे, आणि असे लावणारे पुष्कळ आहेत.

रोमनच्या मापात देवनागरी बसवण्याची ही रीत उलटी फिरवणारे प्रयोगही झाले. कॅथरिन श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला. त्यात देवनागरी कलमाचा कोन रोमन अक्षरांनी उचलला आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, तसे ते रोमन वागते. ‘एक टाइप’चा ‘जैनी’ कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतले वळण आजच्या वापरात आणतो, तर त्याचे भावंड ‘जैनी पूर्वा’ जुन्या अक्षररूपांच्या अधिक जवळ राहते. ‘मोदक’चा विचार निराळा आहे. अक्षर किती लठ्ठ होऊ शकते, याची ती परीक्षाच. पोकळ्या इतक्या भरल्या आहेत की उरतात त्या बारीक चिरा, तरी जोडाक्षरसुद्धा ओळखू येते. देवनागरीत जाडी वाढवणे रोमनपेक्षा कठीण, कारण एकाच अक्षरात रफार, मात्रा आणि अर्धे व्यंजन दाटीवाटीने बसलेले असते. ‘मोदक’ने ही अडचणच शैली करून टाकली.

मथळ्याच्या या फॉन्टांना मराठीत भक्कम पूर्वपरंपरा आहे. कमल शेडगे नाटकाचे प्रत्येक नाव वेगळे रेखाटत, अक्षरातूनच नाटकाचा सूर कळे. फॉन्ट ती सोय सर्वांच्या हाती देतो, पण त्याबरोबर एकसुरीपणाही देतो. ‘बालू’ हा गोलमटोल, खेळकर चेहरा बालवाडीच्या पत्रकाला छान दिसतो. तोच शोकसभेच्या फलकावर दिसला की फॉन्ट निवडणे हेही कौशल्य आहे, हे आठवते.

एकाच कुटुंबात अनेक लिप्या नांदवणे हा या काळातला सर्वांत मोठा विचार. २०२२मध्ये आलेला ‘अनेक’ त्याचा उत्तम नमुना आहे: रोमन धरून दहा लिप्या, आणि जाडी व रुंदी हवी तशी सरकवता येईल अशी व्हेरिएबल रचना. इथे कुणा एका लिपीचे माप बाकीच्यांवर लादलेले जाणवत नाही. अरुंद करताना देवनागरीचा दंड जागेवर ठेवून पोट आवळावे लागते. हे काम ‘अनेक’ने नीट केले आहे. रेल्वेच्या पाटीपासून बँकेच्या ॲपपर्यंत त्याचा उपयोग आहे.

पण तीनशे पानांची कादंबरी कशात लावायची? पर्याय अगदी नाहीत असे नाही. डॅन रेनॉल्ड्स यांचा ‘मार्टेल’ आहे. वैभव सिंग यांचा ‘एक्झार’ साध्या जाडीत मजकूर सांभाळतो आणि ठळक होत जाईल तसा अधिक नाट्यमय होतो. आयआयटी मुंबईच्या ‘शोभिका’त अकराशेहून अधिक जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे आहेत. राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर ती उभी आहे, हे विशेष, सरकारी पैशातून झालेला फॉन्ट खुला ठेवला की पुढचे काम कसे सोपे होते, याचा तो पुरावा. जॉन हडसन आणि फिओना रॉस यांचा ‘टिरो देवनागरी’ मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी केलेल्या कामातून आला. त्याचा भारदस्त, शांत चेहरा निर्णयसागरी पानाची आठवण देतो. अर्थातच, त्याचा मूळ यजमान ग्रंथमाला होती. मात्र त्यात ठळक जाडीच नाही. कादंबरी निभावेल, शब्दकोश किंवा पाठ्यपुस्तक निभावणार नाही.

टिरोचा आणखी एक निर्णय मराठी वाचकाने नीट पाहावा असा आहे. त्याने हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी तीन स्वतंत्र फॉन्ट दिले. मराठीला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा. राज्य शासनाने २००९मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये वर्णमालेविषयीचे निर्णय काढून तो आग्रह धरला आहे. ‘नोटो सान्स’सारख्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तर मराठी वळण आपोआप उमटते. युक्ती चोख आहे, पण ती नोंद करतो कोण? बहुतेक वेळा कुणीच नाही, आणि मराठी मजकूर हिंदी वळणात छापला जातो. वेगळ्या नावाचा फॉन्ट देणे तांत्रिक शुद्धतेला धरून नसेल, व्यवहारात तेच उपयोगी पडते.

म्हणून पुढच्या देवनागरी फॉन्टची परीक्षा मथळ्यावर घेऊ नये. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ बारीक टाइपात वेगळे वाचता येतात का, ‘ॲ’ची चंद्रकोर वरच्या ओळीच्या उकाराला अडत नाही ना, तळटीप तिच्या मापात सुटसुटीत राहते का आणि ठळक शब्द काळा डाग न होता उठून दिसतो का, हे पाहावे. असा फॉन्ट कंपनीला पडद्यासाठी लागत नाही, त्यामुळे ती तो करवून घेईल ही आशा व्यर्थ आहे. त्याची गरज प्रकाशकांना, पाठ्यपुस्तक मंडळाला आणि कोशकारांना आहे. फुकट मिळते त्यात भागवण्याची सवय सोडून त्यांनी एकत्र खर्च करून मजकुराचा एक परिपूर्ण मराठी टाइप घडवून घ्यावा आणि तो सर्वांना खुला ठेवावा. तसे काम करणारे हात मुंबईतच आहेत; काम सांगणाऱ्यांनी आता पुढे यायचे आहे.