मान कोणाला, गाण्याला की इमारतीला?

२०११ साली मस्कतमध्ये रॉयल ऑपेरा हाऊस सुरू झाले. तेथे गेल्यावर आपली अझैब्यातील मंडळी मोबाईल निमूटपणे बंद करतात. तीच मंडळी आपल्या मराठी गायकासमोर मात्र, ख्यालाची बढत रंगात आलेली असताना, मोबाईल उंचावून बसतात! म्हणजे शिस्त ठाऊक नाही असे नव्हे. आपण मान देतो तो इमारतीला, गाण्याला नव्हे. वास्तविक आपली मैफल श्रोत्यांच्या दादेवर फुलते. चेहऱ्यापुढे मोबाईल आला, की गायकाला ती दाद दिसणार कशी? नाट्यगृहात वाजणाऱ्या मोबाईलना कंटाळून सुबोध भावे यांनी २०१९ साली नाटकात काम थांबवण्याचा इशारा दिला होता. गायकांवर ती वेळ आणू नये. चित्रीकरण मंडळाने नेमलेल्या एकाने करावे. बाकीच्यांनी गाणे ऐकावे.