पाण्याची सोय : आहे

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मी गड चढतो ते घरबसल्या, गडकिल्ल्यांच्या माहितीपुस्तिकांतून. तेव्हा या वाङ्मयप्रकारावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो. नाटकात कधी काम न केलेले लोक नाही का नाट्यसमीक्षा लिहीत?

या वाङ्मयाचे अलंकार ठरलेले. सूर्यास्त 'अविस्मरणीय', वाट 'थरारक', आणि निसर्गानं सौंदर्याची 'मुक्तहस्तानं उधळण' केलेली. उधळण संपली की तळाशी बारीक टायपात एक ओळ येते : 'पाण्याची सोय : आहे.' झालं! जणू त्या ओळीपाशी पोचेतो लेखकाची शाई संपली.

मुरबाड तालुक्यातला सिद्धगडच घ्या. जवळची प्रेक्षणीय स्थळं म्हणून भीमाशंकरचं अरण्य, गोरखगड, मच्छिंद्रगड आणि जमल्यास नाणेघाट. आता गोरखगडावरची कातळात कोरलेली गुहा प्रेक्षणीय, आणि शेजारची टाकी म्हणजे नुसती 'सोय'! अहो, ती टाकी नसती तर त्या गुहेत एक रात्र तरी कुणी काढली असती का?

नाणेघाटातला नागनिकेचा लेख सगळ्यांना माहीत असतो. पण तिथल्या एका टाक्यावरही छोटासा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानं ही 'पोढी', म्हणजे हे टाकं, दान दिलं, एवढाच मजकूर. दान कुणी दिलं, तो कुठला, दिलं काय, सगळं आलं. विशेषण एक नाही. सूर्यास्ताबद्दल तर त्या गृहस्थानं चकार शब्द काढलेला नाही, आणि घाट तोच बरं का!

त्याहून मला खटकतं ते 'इतर आकर्षणे' या सदरात हुतात्मा स्मारक घालणं. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. 1942 च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. याला 'आकर्षण' म्हणणाऱ्याच्या हातून आधी लेखणी काढून घ्यावी, मग बाकीचं बोलावं.

शेजारच्या शहापूर तालुक्यात हे वाङ्मय धरणांवर येतं. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, पुढे भातसाचंही जाऊ लागलं. पुस्तिकेत दोन्हींचं 'विहंगम दृश्य' असतं. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे मात्र नसतं. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि बाया ते पोहऱ्यानं परत वर काढतात. झरे खालून फुटतात असं आम्हांला शाळेत शिकवलं होतं. इथं ते चाकांवरून येतात. अशा विहिरीवर शहरातून आलेली पंधरा-वीस मंडळी रविवारी हात-पाय धुतात, बाटल्या भरतात, कारण छापलेलंच असतं ना, सोय आहे म्हणून!

पुढच्या आवृत्तीत सूर्यास्ताची दोन विशेषणं कमी करून तेवढ्या जागेत, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं आणि ते कुणाच्या वाटणीचं आहे, हे छापावं. शिवाय बाटल्या घरूनच भरून आणाव्यात, अशी सूचना. मुंबईकरांच्या घरचं पाणी तरी कुठलं असणार म्हणा, बरंचसं शहापूरचंच!